लहान गावाचा बंब आणि तो चालवणारी माणसे

लहान गावाच्या अग्निशमन दलाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी बादल्या, मग हातांनी चालवायचा बंब, मग वाफेचा, मग मोटारीचा, आणि जोडीला केंद्रासमोर गणवेशात उभ्या राहिलेल्या मंडळींची छायाचित्रे. असे इतिहास वाचायला मला आवडतात, पण त्यांतून मूळ पेच सहसा निसटतो. लहान गावात मोठी आग क्वचितच लागते. मात्र लागली की शिकलेली माणसे काही मिनिटांत तेथे हजर असावी लागतात. आग क्वचित लागते म्हणून बारा महिने पगारी दल पोसणे गावाला परवडत नाही, आणि ती लागल्यावर थांबत नाही म्हणून दलावाचून चालतही नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, हे सगळ्यांनाच कळते. विहीर कोणाच्या श्रमाने खणायची आणि ती वर्षानुवर्षे कोणी उपसत राहायची, हा प्रश्न उरतो. गावोगावच्या दलांनी या प्रश्नाची वेळोवेळी जी उत्तरे शोधली, त्यांकडे मी त्यांचा इतिहास म्हणून पाहतो.

मोठ्या शहरांना हे उत्तर फार पूर्वीच सापडले होते. रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये पहारा आणि आग या दोन्ही कामांसाठी सात तुकड्यांचे कायमचे दल उभारले. प्रांतांतल्या गावांना मात्र ही सोय नव्हती. सुमारे शतकभरानंतर बिथिनिया प्रांताचा कारभार पाहणाऱ्या धाकट्या प्लिनीने सम्राट ट्रेजनला पत्र लिहून निकोमेडियातील मोठ्या आगीची हकीकत कळवली. लोक नुसते बघत उभे राहिले, गावात ना बंब होता ना बादली, असे सांगून त्याने केवळ दीडशे कारागिरांचे एक अग्निशमन पथक स्थापण्याची परवानगी मागितली. ट्रेजनने ती नाकारली. अशा मंडळ्या कोणत्याही नावाने निघाल्या तरी पुढे राजकारणच करू लागतात. त्यापेक्षा साधने आणून ठेवावीत, घरमालकांनी ती वापरावीत आणि गरज पडल्यास जमलेल्या गर्दीची मदत घ्यावी, असे त्याचे उत्तर होते. साधने द्यायची पण संघटना होऊ द्यायची नाही, हे धोरण सत्तेच्या दृष्टीने शहाणपणाचे असेलही, पण आगीच्या दृष्टीने ते निरुपयोगीच होते.

तरीही त्यानंतर कित्येक शतके बहुतेक गावांत प्रत्यक्षात हेच धोरण चालू राहिले. प्रत्येक घरात चामड्याच्या बादल्या ठेवाव्यात, सार्वजनिक जागी शिड्या आणि लांब दांड्याचे लोखंडी आकडे असावेत, घंटा वाजताच सर्वांनी धावावे, अशी व्यवस्था असे. आकडे पाण्यासाठी नव्हते. पेटलेल्या घराचे छप्पर किंवा त्याच्या शेजारचे अजून न पेटलेले घर ओढून पाडण्यासाठी होते. पाणी पुरेसे लांब फेकताच येत नव्हते, तेव्हा आगीच्या वाटेतले इंधन काढून घेणे हाच खरा उपाय होता. जपानमधील एदो (आजचे टोकियो) शहरात अठराव्या शतकात जी नागरिकांची पथके बांधली गेली, त्यांचाही मुख्य भर घरे पाडण्यावरच होता. आज आपल्याला हे क्रूर वाटते, पण लाकूड, गवत आणि कागदाच्या वस्तीत एक घर मोडून दहा वाचवण्याचा तो हिशेब चुकीचा नव्हता.

पाण्याला लांबी आणि दिशा दिली ती अ‍ॅमस्टरडॅमच्या यान व्हान डर हायडन या चित्रकाराने. १६७२ च्या सुमारास त्याने आपल्या भावाबरोबर चामड्याची लवचिक नळी बंबाला जोडली आणि तिचे तुकडे पितळी जोडांनी एकमेकांना लावता येतील अशी सोय केली. त्याआधी बंबाचे तोंड आगीसमोर नेऊन उभे करावे लागे आणि पाणी बहुतेक भिंतीवरच आदळे. नळी आल्यावर माणूस पाणी घेऊन घरात शिरू लागला. शहरांच्या रेखीव चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने जळत्या शहराचाही इतका बारकाईने विचार करावा, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. पुढे लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुटसुटीत हातबंब बनवले आणि ते समुद्रापलीकडेही गेले. पण बंब विकत आणता आला तरी तो चालवणारी माणसे विकत आणता येत नव्हती.

या टप्प्यावर ट्रेजनने नाकारलेलीच कल्पना निराळ्या मातीत रुजली. बेंजामिन फ्रँकलिनच्या पुढाकाराने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापन झाली, तेव्हा ते आजच्या अर्थाने मोठे शहर नव्हते. थोड्याच काळात सभासद तीस झाले. प्रत्येकाने ठरावीक संख्येने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढण्यासाठी मजबूत पिशव्या व टोपल्या नेहमी तयार ठेवायच्या, महिन्यातून एकदा एकत्र जमायचे आणि आगीविषयी जे सुचेल ते बोलायचे, असा नियम होता. सभेला गैरहजर राहिल्यास दंड होई आणि त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या, आकडे विकत घेतले जात. कामचुकारपणातूनच साहित्याचा निधी उभा करण्याची ही युक्ती मला फारच आवडते. आणखी लोक सभासद व्हायला आले तेव्हा त्यांना घेण्याऐवजी तुम्ही तुमची वेगळी मंडळी काढा असे सांगण्यात आले, आणि अशा मंडळ्या एकामागून एक निघाल्या. गावातल्या स्वयंसेवी दलाची पुढची शंभर-दीडशे वर्षांची रूपरेषा येथे जवळजवळ पूर्ण दिसते.

तरी शिस्तीचा भाग राहिलाच होता, आणि त्यासाठी जर्मनीतील डुर्लाख या गावाची हकीकत महत्त्वाची आहे. स्वयंसेवी अग्निशमन दल हे नाव मायसेन येथे १८४१ सालीच वापरात आले होते. पण कार्ल्सरूहच्या शेजारच्या डुर्लाखमध्ये १८४६ साली नगर-बांधकाम अधिकारी क्रिस्टियान हेंगस्ट याने जे पथक बांधले, त्यात एक नवी गोष्ट होती. कार्ल मेट्झ याच्या कारखान्यातला उत्तम हातबंब गावाने घेतला होता, आणि तो वापरायचा तर प्रत्येकाची जागा, प्रत्येकाचे काम आणि हुकूम देणारा एकच माणूस ठरलेला असला पाहिजे, हे हेंगस्टने ओळखले. त्या काळी गावोगावी फोफावलेल्या व्यायामशाळांतील तरुण या कामाला उपयोगी पडले, कारण शिड्या चढणे आणि एका इशाऱ्यावर एकत्र हालचाल करणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. फेब्रुवारी १८४७ मध्ये कार्ल्सरूहच्या दरबारी नाट्यगृहाला प्रयोगाआधी आग लागली आणि साठांहून अधिक माणसे गेली. राजधानीच्या शहरात गोंधळ माजलेला असताना शेजारच्या लहान गावाचे पथक आपला बंब घेऊन आले आणि त्याने आसपासच्या इमारतींपर्यंत आग पोचू दिली नाही. नाट्यगृह वाचले नाही, पण ओरडणारी गर्दी आणि कवायत झालेले पथक यांतला फरक सर्वांनी एकाच रात्रीत पाहिला. त्यानंतर जर्मन भाषेच्या प्रदेशात अशी दले झपाट्याने निघत गेली.

हातबंबाला माणसे किती लागत, याची कल्पना असल्याशिवाय पुढचा बदल कळत नाही. मोठ्या बंबाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर वीस-तीस जण उभे राहून दांडे खाली-वर करत. वेग वाढला की काही मिनिटांतच दम संपे आणि दुसरी फळी पुढे येई. इंग्लंडमध्ये विमा कंपन्या स्वतःचे बंब ठेवत, आणि त्यांवर दांडे मारणाऱ्या बघ्यांना मोबदल्यात बिअर मिळत असे. म्हणजे दल जिवंत ठेवायचे तर गावातले बरेचसे धडधाकट पुरुष त्यात हवेत. त्यामुळेच दल हे गावाचे मंडळ, क्लब, बँडपथक आणि कधी कधी आखाडाही झाले. मोठ्या शहरांत या मंडळ्यांमधली चुरस इतकी वाढली की आधी पाणी कोणाचे यावरून रस्त्यात हाणामाऱ्या होत आणि घर जळत राही.

अमेरिकेतील सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये यातून सुटका करून घेतली. तेथे वाफेवर चालणारा बंब आणि पगारी माणसे ही जोडी एकदमच आली, आणि ते एकत्र येणे अपघाती नव्हते. वाफेने दांड्यांवरच्या गर्दीची गरज संपवली आणि थोड्या, पण प्रशिक्षित माणसांची गरज निर्माण केली. मोठ्या शहरांनी हा सौदा आनंदाने केला. लहान गावाला तो झेपणारा नव्हता. वाफेचा बंब महाग, त्याला घोडे हवेत, घोड्यांना दाणावैरण आणि सांभाळणारा माणूस हवा, बाष्पक (बॉयलर) सतत कोमट ठेवायला हवा. नाहीतर वाफ तयार होईपर्यंत आगीचे काम झालेले असे. परिणामी एकाच देशात दोन प्रकारची दले शेजारी शेजारी वाढली, आणि हा भेद आजतागायत टिकून आहे.

लहान गावाच्या हाती जे यंत्र खऱ्या अर्थाने आले, त्याचा इतिहासात फारसा गाजावाजा होत नाही. तो म्हणजे रासायनिक बंब. एका बंद टाकीत खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि वेगळ्या बाटलीत गंधकाम्ल अशी त्याची रचना असे. बाटलीतले आम्ल पाण्यात मिसळले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होऊन टाकीत दाब वाढे आणि पाणी नळीतून जोरात बाहेर पडे. दांडे मारायला माणसे नकोत, वाफेची वाट पाहायला नको, गावात नळयोजना असण्याचीही गरज नाही. दोन-तीन माणसे आग लहान असतानाच ती आवरू शकत. टाकी संपली की मात्र सगळे संपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वस्त मोटारी आल्यावर अनेक गावांनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या सांगाड्यावर अशा टाक्या बसवल्या. पुढे मोटारीच्या इंजिनावरच पंप चालू लागला, साध्या पाण्याची टाकी गाडीतच आली आणि आम्लाची गरज उरली नाही. लहान गावाच्या दलाला खरे रूप वाफेने नव्हे, तर या टाकीने दिले, असे माझे मत आहे.

पाण्याचा प्रश्न तरी राहिलाच. नदी किंवा तळे असून भागत नाही, कारण हवेचा दाब पाण्याला सिद्धांततः सुमारे १०.३ मीटरच वर ढकलू शकतो आणि प्रत्यक्षात पंपाला सात-साडेसात मीटरपलीकडून पाणी खेचणे कठीण जाते. उंच काठावर उभा राहिलेला बंब खाली वाहणाऱ्या नदीसमोर हतबल असतो. म्हणून नळ नसलेल्या भागांत टँकरच्या फेऱ्या, घडीचे हौद आणि जमिनीखालची टाकी या गोष्टींवरच काम चालते. आणि काही आगींपुढे तेही पुरत नाही. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो पेटले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो हे लाकूड-व्यवसायाचे गाव जंगलच्या वणव्यात सुमारे तासाभरात नष्ट झाले. शिकागोत सुमारे तीनशे माणसे गेली, तर पेश्टिगो आणि आसपासच्या प्रदेशात बाराशेहून अधिक गेल्याचा अंदाज आहे. रस्त्यांवर भुसा पसरलेला, घरे लाकडाची, अनेक आठवड्यांचा दुष्काळ आणि सोसाट्याचा वारा. नदीत उतरले त्यांतले काही वाचले. अशा वेळी कोणत्याही एका गावाचे दल पुरे पडणार नव्हते.

शेजाऱ्यांनी मदतीला यावे, हे बोलायला सोपे असते. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोरच्या आगीत वॉशिंग्टन, फिलाडेल्फियासारख्या शहरांतून बंब रेल्वेने आले आणि त्यांपैकी अनेकांच्या नळ्या तेथील हायड्रंटना, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या तोट्यांना, बसेनात, कारण प्रत्येक शहराच्या कपलिंगचे (नळी जोडण्याच्या जोडांचे) आटे वेगळे होते. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी कपलिंगचे राष्ट्रीय प्रमाण ठरले. ज्या गावाकडे एकच बंब आहे, त्याच्यासाठी हे प्रमाण नव्या बंबाइतकेच मोलाचे होते. ब्रिटनमध्ये हा धडा युद्धाने दिला. १९४१ मध्ये सुमारे सोळाशे स्थानिक दले एकत्र करून राष्ट्रीय अग्निशमन सेवा निर्माण करण्यात आली, आणि १९४८ मध्ये दले परत सोपवली गेली ती गावांकडे नव्हे, तर मुख्यतः काउंटी आणि मोठ्या शहरांकडे. अनेक लहान गावांच्या दलांचा स्वतंत्र इतिहास तेथे संपतो, केंद्राची इमारत आणि माणसे तीच राहिली तरी.

दरम्यान वर्दी देण्याची पद्धतही बदलत गेली. घंटेची जागा भोंग्याने आणि भोंग्याची पेजरने घेतली. लंडनमध्ये १९३५ च्या एका आगीत पाच स्त्रिया दगावल्या आणि वर्दी देऊ पाहणाऱ्या शेजाऱ्याला टेलिफोन केंद्राने ताटकळत ठेवले होते. त्यातून १९३७ मध्ये ९९९ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेतला ९११ चा पहिला फोन मात्र १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात झाला, हे मला विशेष वाटते.

फोन पोचतो, बंबही दारात उभा असतो. अडचण पुन्हा माणसांची होते. जर्मनीत आजही सुमारे दहा लाख स्वयंसेवक या कामात आहेत आणि पगारी दले प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. चिलीमध्ये तर राजधानीसह सर्वत्र स्वयंसेवकच आग विझवतात, त्यामुळे वाफेच्या बंबाबरोबर पगार यायलाच हवा होता, असेही म्हणता येत नाही. पण एके काळी दुकान किंवा कार्यशाळा टाकून धावणारा माणूस आता दिवसभर नोकरीसाठी दूरच्या शहरात असतो. प्रशिक्षणाचे तास वाढले आहेत, श्वसनयंत्र लावून आत जाण्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते, आणि बोलावणी आगीपेक्षा रस्ते-अपघात, पूर आणि आजारी माणसांची अधिक येतात. रात्री दल पूर्ण असते आणि दुपारी बंब चालवायला दोघेही मिळत नाहीत, ही तक्रार अनेक देशांत सारखीच ऐकू येते. काही ठिकाणी गावे दिवसाची पाळी आपसांत वाटून घेतात, काही ठिकाणी दिवसापुरते दोन-तीन पगारी कर्मचारी ठेवले जातात. जर्मन राज्यांच्या कायद्यांत आणखी एक तरतूद आहे: पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत, तर नगरपालिका वयात बसणाऱ्या रहिवाशांना सक्तीने दलात भरती करू शकते. ती वापरण्याची वेळ फार थोड्या गावांवर आली आहे, पण आली आहे.