दिवा ३० मीटरचा की ४० मीटरचा?

बडोद्याहून समुद्र दिसत नाही, पण आपल्या विश्वामित्रीचं पाणी ढाढरमार्गे शेवटी खंभातच्या आखातातच जातं. मही, साबरमती, नर्मदा, तापी याही तिथेच गाळ आणून ओततात. त्यामुळे तळाचे रेतीचे पट्टे सरकत राहतात, आणि भावनगर, अलंग, दहेजला जाणाऱ्या जहाजांना खोल पाण्याची वाट धरूनच चालावं लागतं. घोघ्यासमोर पिरम बेटावर ब्रिटिश काळातला दीपस्तंभ आहे. बोया, म्हणजे पाण्यावर नांगरलेली तरंगती खूण, प्रवाहाच्या ओढीने जागचा सरकू शकतो, मनोरा हलत नाही. म्हणून जागेचा हिशोब मनोऱ्यावरून करायचा.

हिशोब सोपा आहे. दिव्याची उंची आणि आपल्या डोळ्याची पाण्यापासूनची उंची, दोन्ही मीटरमध्ये घ्या. त्यांची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि तिला २.०८ ने गुणा. क्षितिजावर दिवा पहिल्यांदा वर येतो तेव्हाचं हे अंतर, सागरी मैलांत. समजा दिवा ३० मीटरवर आहे आणि डोळा ९ मीटरवर: उत्तर १७.६.

खरी मेख पुढे आहे. नकाशात दिलेली उंची उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून मोजलेली असते. भावनगरच्या बाजूला उधाणात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरच्या घरात जातो. म्हणजे पूर्ण ओहोटीला तोच दिवा ४० मीटरचा होतो आणि १९.४ मैलांवरून दिसू लागतो. भरतीचं कोष्टक न बघणारा स्वतःला पावणेदोन मैल पुढे समजतो, लवकर वळतो, आणि तेही नेमकं पाणी सर्वांत कमी असताना. पट्ट्यावर जहाज रुततं ते असं.

दिवा खरोखर क्षितिजावरच आहे का, हे पाहायला दोन-तीन मीटर खाली उतरा. तो बुडाला आणि वर चढल्यावर पुन्हा दिसला तर खात्री धरा. ढगांवर पडलेला नुसता उजेड मोजू नका.

मग हा दिवा नेमका कोणता ते ओळखायला झोतांची लय मोजा. एका झोतावर विसंबू नका, मध्ये लाट आली की एखादा झोत हुकतो. तीन पूर्ण फेऱ्यांचा वेळ घेऊन तीनने भागा. रंगावर तर अजिबात भरवसा नको, धुरकट हवेत पांढरा दिवाही तांबूस दिसतो.

मनोऱ्यावरचं कामही तितकंच नेटकं हवं. दिव्याच्या खोलीच्या काचांवर खाऱ्या वाऱ्याने मीठ बसतं आणि झोत फिका पडतो. ते आधी गोड्या पाण्याने विरघळवायचं, मग पुसायचं; कोरडं घासलं तर काचेवर ओरखडे पडतात.