हद्दीवरचं नाव: जेकब हर्ट्झलर

पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत मी जमिनींचे टायटल सर्च करते. आपल्याकडे वकील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट देतात, तसंच काम. फक्त इथे सातबारा नाही. खरेदीखतामागं खरेदीखत जुळवत मालकी सिद्ध करायची, आणि ६० वर्षं मागं गेलं की पुरे, अशी रीत. त्यापलीकडे जाण्याचे पैसे कुणी देत नाही.

परवाची फाइल हॅम्बर्गच्या पश्चिमेकडल्या एका शेताची होती. महामार्ग ७८ च्या कडेनं शेतं जाऊन गोदामं उभी राहताहेत, त्यातलंच हे एक. ६० वर्षांत बोट ठेवायला जागा नाही. पण सर्व्हेअरनं नकाशात झाडीपाशी ‘उभे दगड’ एवढंच लिहून ठेवलं होतं. माझ्या मनातून ते जाईना, म्हणून मी मागं जात राहिले.

एकोणिसाव्या शतकातल्या प्रत्येक खतात एक ओळ सापडली: दफनभूमीची जागा आणि तिथवर जायची वाट वगळून. मालक बदलले, आडनावं बदलली, ओळ टिकली. पुढे टाइप केलेली खतं सुरू झाली आणि त्यातल्या एकात ती गळली, ती गळलीच. असल्या नकलनवीसांचा मला संताप येतो. चतुःसीमा अंश न् अंश उतरवल्या आणि माणसं पुरलेली जागा तेवढी विसरले.

बर्क्स काउंटी झाली १७५२ मध्ये. त्याआधीचं बघायचं तर हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारातले कागद काढावे लागतात: आधी वॉरंट म्हणजे मोजणीचा हुकूम, मग मोजणी, मग पेटंट म्हणजे मालकीची सनद. वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याचा दर १०० एकरांना साडेपंधरा पौंड, शिवाय दर साल एकरी अर्धा पेनी सारा. मोजणी पर्चमध्ये, म्हणजे साडेसोळा फुटांच्या मापात: काळ्या ओकपासून अमुक अंशांवर इतके पर्च चेस्टनटपर्यंत, तिथून दगडांच्या राशीपर्यंत. ओक तुटले, चेस्टनट विसाव्या शतकातल्या रोगानं गेले, चुंबकीय उत्तर सरकली. त्यात रस्त्यांसाठी शेकडा ६ एकर सूट धरलेली, त्यामुळे जुनं क्षेत्र नव्या मोजणीशी कधीच जुळत नाही. नवशिक्यांना ही चूक वाटते. मला मात्र असा तुकडा कागदावर बंद झाला, शेवटची रेघ पहिल्या झाडाशी येऊन मिळाली, की जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नाही.

याही तुकड्याची रेघ मिळाली. उत्तरेच्या हद्दीवर लगतच्या मालकाचं नाव होतं: जेकब हर्ट्झलर.

हर्ट्झलर हे अमेरिकेतले पहिले आमिश बिशप. आमिश म्हणजे साधं राहणारा, शस्त्र न उचलणारा ख्रिस्ती पंथ. जन्म स्वित्झर्लंडमध्ये, १७०३ चा. ९ सप्टेंबर १७४९ ला ‘सेंट अँड्र्यू’ जहाजातून फिलाडेल्फियाला उतरले तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेली होती. इथे नॉर्थकिल ओढ्याच्या परिसरात आमिश कुटुंबं १७४० च्या सुमारापासून होती. पण बिशपशिवाय बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, लग्न नाही. ते सगळं या माणसानं सांभाळलं, आणि पोटासाठी शेती केली, कारण आमिश बिशपाला पगार नसतो. देऊळही नसतं. उपासना आळीपाळीनं घराघरांत, बाप्तिस्मा मोठेपणी. शेजारच्या लुथरन माणसाचा जन्म मी चर्चच्या वहीत पाच मिनिटांत काढून देते. आमिश माणसाला मात्र शोधायचं ते जहाजाच्या यादीत, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर.

१९ सप्टेंबर १७५७ च्या रात्री याच वस्तीतल्या जेकब हॉख्स्टेट्लर यांच्या घरावर हल्ला झाला. इंग्रजांचं फ्रेंचांशी युद्ध चालू होतं, फ्रेंचांच्या बाजूनं लढणाऱ्या मूलनिवासींची ती टोळी. जमीन हातची गेल्याची लेनापींची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, जखमही ताजी होती. मुलांनी बंदुका उचलल्या. बापानं त्या चालवू दिल्या नाहीत. आई, एक मुलगा आणि एक मुलगी मारली गेली. बाप आणि दोन मुलगे धरून नेले. ते घर इथून लांब, त्यामुळे हे दगड त्यांचे नव्हेत. पण पुढच्या उपासनेला हर्ट्झलर लोकांसमोर काय बोलले असतील, हा प्रश्न मला सोडत नाही. बंदूक न उचलण्याची शिकवण त्यांचीही होती.

नंतर अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं क्रांतियुद्ध आलं. १७७७ च्या कायद्यानं नव्या सरकारशी निष्ठेची शपथ किंवा प्रतिज्ञा न करणाऱ्याला जमीन घेता-विकता येईना, आणि धर्मापायी पुष्कळ आमिशांनी ती केली नाही. हर्ट्झलर तेव्हा सत्तरीपलीकडे होते. माझ्या साखळीत नेमकी त्याच वर्षांची खतं नाहीत. ताबा बदललेला दिसतो, नोंद पुष्कळ नंतरची. ऑफिसात याला ‘दोष’ म्हणतात. मी अहवालात कायद्याचं साल लिहून कारण दिलं, कारण ते कारण त्या लोकांचं आहे आणि कुणीतरी नोंदवायला हवं. हर्ट्झलर १७८६ मध्ये वारले. आमिश कुटुंबं हळूहळू इथून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे निघून गेली. मागं आलेले शेतकरी त्यांच्या पंथाचे नव्हते, तरी ती ओळ त्यांनी पुढं चालवली.

दगडांवर अक्षरं नाहीत. आमिशांचे असतील, नसतील. मी दफनभूमी अपवाद म्हणून लिहिली आणि जुनी खतं जोडली. खरेदीदाराचा वकील फोनवर म्हणाला, ‘६० वर्षं बघायची ठरली होती. आता कोण येणार आहे विचारायला?’ मी म्हटलं, विकणाऱ्याच्या मालकीचं जे नाही, ते त्याचं आहे असं मी लिहून देणार नाही. वरिष्ठ माझ्या पाठीशी राहिले, याचं मला बरं वाटलं.

जागा आता वगळली आहे. अडलंय ते वाटेवर. खतात रुंदी दिलेली नाही. खरेदीदार चार फूट म्हणतो. चार फुटांतून शवपेटी घेऊन दोन्ही बाजूंनी माणसं चालू शकत नाहीत. सर्व्हेअरनं आणि मी एक पर्च सुचवलाय, साडेसोळा फूट. उत्तर यायचंय.