वॉचमनच्या वहीत

27 तारीख, रात्री उशिरा

टेम्पो गेटवर उभा, आणि वॉचमनने वही पुढे केली. नाव, गाडी नंबर, फ्लॅट, येण्याचं कारण. शेवटच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं, तर त्यानेच लिहून टाकलं: पाहुणे. मागे कपाट, गाद्या, वॉशिंग मशीन, तुळशीची कुंडी. एवढं घेऊन पाहुणा!

भाडेकरार 1 तारखेपासून, 11 महिन्यांचा. नोंदणी आजच व्हायची होती. एजंट मशीन घेऊन वेळेवर आला, साक्षीदारही आले. पण घरमालक काकांचा अंगठाच उमटेना. वयाने बोटं गुळगुळीत झालेली. ओल्या फडक्याने पुसली, चोळून गरम केली, दोन्ही हातांची झाली. मशीन ढिम्म. शेवटी काका म्हणाले, "अरे, तू ये राहायला. कागद काय, होतील." आणि चावी हातात दिली. जुन्या घरात उद्या दुसरे येतायत. त्या घराबद्दल आज नकोच.

कागद काय, होतील. खर्चही फार नाही. 20,000 भाड्याचे 11 महिन्यांचे 2,20,000, त्यात 60,000 डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 5,500. एकूण रकमेवर पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे 564 रुपयांच्या आसपास, वर शहरात नोंदणी फी 1,000. पण तो कागद नसला की पार्किंगचं स्टिकर नाही, गॅसचा पत्ता बदलत नाही, पोलिसांकडची भाडेकरूची माहिती भरायची राहते. आणि वहीत पाहुणे.

गंमत अशी की कायदा वॉचमनच्या उलट बोलतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल राहणारा सांगेल ते खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे या चार दिवसांत जोखीम आहे ती काकांच्या चांगुलपणाला. हे त्यांना सांगावं का? सांगितलं तर चावी परत मागतील, असं वाटून गप्प बसलो. ते एक राहिलंच.

मग जेवढं नीट करता येईल तेवढं केलं. चार दिवसांचे 2,667 रुपये काकांना ऑनलाइन पाठवले, शेऱ्यात '27 ते 30' लिहून. रोख दिले असते तर मागे काही उरलं नसतं. वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून त्यांना धाडला, कारण बिल काही एक तारखेला सुरू होऊन तीसला संपत नाही. बाथरूमच्या छताची ओल, गीझरखालची तडकलेली फरशी, बेसिनचा गळका नळ, सगळ्यांचे फोटो कपाट लावायच्या आधीच. नंतरच्या फोटोत ओल आपलीच दिसते, आणि ती डिपॉझिटमधून वजा होते.

एवढं करूनही 'पाहुणे' जाईना. कराराचा मसुदा पुन्हा उघडला. वर नाव लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहायची नुसती परवानगी. लायसन्सची व्याख्या दुसऱ्याच्या जागेच्या वापराबद्दलच्या 1882 च्या ईझमेंट ॲक्टमध्ये आहे: जे परवानगीवाचून बेकायदा ठरलं असतं ते करण्याची मुभा, आणि मालमत्तेत हितसंबंध शून्य. म्हणजे 1 तारखेला अंगठे उमटले, शिक्के पडले, तरी मी पुढचे 11 महिने नोंदणीकृत पाहुणाच. मुदतीनंतर रेंगाळलो तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं. आमच्याकडे रेंगाळणाऱ्या पाहुण्यांना ही सोय असती तर आत्याचा मुक्काम... जाऊ दे.

वॉचमनचा शब्द चुकला नव्हता. चार दिवस आधी पडला, इतकंच.

आईचा फोन येऊन गेला. दूध उतू घातलंस का? म्हटलं, एक तारखेला, करार झाल्यावर. अर्ध्या लिटरची पिशवी आणलेली आहे. आता बघतोय तर तिच्यावर 29 पर्यंतच वापरा असं छापलंय. सकाळी इंडक्शनवर तापवून टाकतो.