फाइलीतला रिपोर्ट

१३ मार्च २०२३, सोमवार. आदल्या दिवशी इंदुरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली होती. राजवाड्याकडचे रस्ते अजून गुलाबी होते आणि दवाखान्यात आलेल्या निम्म्या लोकांच्या कानामागे रंग होता. खोकला मात्र जवळजवळ सगळ्यांनाच. त्या दिवसांत देशभर एच३एन२ फ्लू पसरला होता. कर्नाटक आणि हरियाणात त्याने एकेक जण दगावल्याचं केंद्र सरकारने तीनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं.

लोकमान्य नगरातले काका-काकू साडेअकराला आले. काका ६८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, जुना मधुमेह. गुरुवारपासून ताप. काकूंना त्याच दिवशी पहाटे कणकण आली होती. एक वाक्य पुरं करायला काकांना दोनदा थांबावं लागत होतं. ऑक्सिमीटर लावला, आकडा आला ९१. श्वास मिनिटाला २८.

"इतके दिवस का थांबलात?" माझा आवाज चढलाच.

काकांनी पिशवीतून फाइल काढली आणि एक कागद माझ्यापुढे ठेवला. "आम्हाला २०२१ मध्ये कोरोना होऊन गेलाय ना. अँटिबॉडीज भरपूर आहेत. हे बघा."

जुलै २०२१ चा रिपोर्ट. कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलेलं: 'उत्तम. आता काळजी नसावी.' खाली सही माझी.

त्या वर्षी एप्रिलमध्ये काकांनी अकरा दिवस रुग्णालयात काढले होते. घरी आल्यावरही रात्री दचकून उठायचे. त्यांना धीर यावा म्हणून मी ते लिहिलं होतं. कोरोनापुरतंसुद्धा ते जास्तच होतं, कारण ती प्रतिकारशक्ती हळूहळू उतरते. फ्लूशी तर त्या आकड्याचा काही संबंधच नाही. त्या अँटिबॉडीज कोरोनाच्या स्पाइक प्रथिनाला ओळखतात. फ्लूच्या विषाणूवर ते प्रथिन नसतंच. दोन्ही विषाणूंची कुळं वेगळी, पेशीत शिरायच्या वाटाही वेगळ्या. पण 'काळजी नसावी' असं डॉक्टरने लिहिल्यावर ते कशापुरतं, हे माणसाने घरी बसून कसं ठरवायचं?

रॅपिड टेस्टमध्ये कोरोना निघाला नाही. फ्लूसाठी नाकातला नमुना पाठवला, पण रिपोर्टची वाट न पाहता दोघांनाही फ्लूवरचं ओसेल्टामिविर सुरू केलं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगलं काम करतं. काकू त्या मुदतीत होत्या, काका नव्हते. तरी श्वास लागलेल्या रुग्णाला उशिरा का होईना, ते द्यायचंच असतं. मग ॲम्ब्युलन्स बोलावली.

ती येईपर्यंत काकू ऑक्सिजनच्या नळीवर नजर ठेवून होत्या. मध्येच म्हणाल्या, "पण डॉक्टर, कोरोनाच्या दिवसांत फ्लू कुणालाच होत नव्हता. म्हणून आम्हाला वाटलं, कोरोना झालेल्याला फ्लू धरत नाही."

त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. २०२०-२१ मध्ये फ्लू जगभरातून जवळपास नाहीसा झाला होता. त्याची बी-यामागाता नावाची एक शाखा तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलीच नाही. पण हे घडलं ते मुख्यतः मास्क, बंद शाळा आणि थांबलेला प्रवास यांमुळे. एका विषाणूच्या संसर्गाने शरीरात इंटरफेरॉन नावाचं बचावाचं प्रथिन जागं होतं आणि दुसऱ्या विषाणूला शिरकाव अवघड जातो, हेही खरं. पण तो पहारा फार तर काही दिवसांचा, काही आठवड्यांचा. दोन वर्षं तो टिकत नाही. उलट एरवी अधूनमधून फ्लूशी गाठ पडून शरीराची जी उजळणी होत राहते, तीच त्या काळात बऱ्याच जणांची चुकली होती.

पुण्याहून मुलाचा फोन आला. कोरोनाने बाबांची प्रतिकारशक्ती कायमची गेली का, म्हणून फ्लू झाला का? मी म्हटलं, फ्लू होण्यासाठी तेवढं लागत नाही, तो सध्या घरोघरी आहे. होणं वेगळं आणि झाल्यावर झेपणं वेगळं. बाबांचं वय, साखर आणि एकदा पोळलेली फुप्फुसं, मला चिंता आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

बुधवारी रिपोर्ट आला, दोघांनाही एच३एन२. काकू घरीच तीन-चार दिवसांत सावरल्या. काका सात दिवसांनी घरी आले, पण जिना चढायला त्यांना पुढे महिनाभर आधार लागला.

त्या सोमवारी रात्री मात्र मी दवाखाना लवकर बंद केला नाही. जुनी रजिस्टरं काढली. साठीच्या पुढचे, मधुमेह किंवा दमा असलेले आणि २०२१ मध्ये ज्यांना मी असाच दिलासा दिला होता, असे एकतीस जण निघाले. ताप आला तर पहिल्याच दिवशी या, आणि यंदापासून फ्लूची लस दरवर्षी घ्या, एवढंच सांगायचं होतं.

पहिला फोन रामबागेतल्या एका आजींना लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मला परवापासून ताप आहे. तूच म्हणाली होतीस ना, आता काही होत नाही म्हणून?"

मी स्कूटरची किल्ली उचलली.