आधी पट्टा राखा, गाडी मागून ठरवा

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडला गेला. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचे खांब आणि तो पूल एका चौकात मावत नव्हते. पुलाचं आयुष्य संपलेलं नव्हतं. तो बांधताना पुढेमागे याच रस्त्यावरून रेल्वेसारखं काही जाईल, हे गृहीत धरलेलं नव्हतं, एवढंच. नागपूरला वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी तीन किलोमीटरहून लांब बांधणी झाली. तिथल्या अभियंत्यांकडे काही जादू नव्हती, दोन्ही कामांचे नकाशे एकाच टेबलावर होते.

वाढत्या शहरात पुढच्या तीस वर्षांचे वाहतूक मार्ग आखायचे म्हटलं की चर्चा लगेच ‘मेट्रो की मोनो की बीआरटी (बससाठी राखलेली वेगळी मार्गिका)’ यावर जाते. माझ्या मते तो प्रश्न शेवटून दुसरा. पहिला प्रश्न असा की गाडी कुठलीही येवो, तिला जायला सलग, पुरेशा रुंदीचा, कायद्याने राखलेला पट्टा आहे का?

मागणीचा अंदाज हवाच, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हे माहीत असावं. पद्धत ठरलेली आहे. प्रदेशाचे काही शे झोन पाडायचे, साधारण एक टक्का घरांची पाहणी करायची, शहराच्या वेशीवर गाड्या थांबवून ‘कुठून कुठे’ विचारायचं, आणि मग मॉडेलमधून गर्दीच्या तासाला एका दिशेने किती माणसं जातील हा आकडा काढायचा. मॉडेल खरं बोलतंय का हे तपासायला पुण्यात नद्यांची चांगली सोय आहे. मुळा-मुठेवरचे सगळे पूल धरले की आपोआप एक तपासणी रेषा तयार होते, कारण कुठलाही वळसा घेतला तरी पूल चुकत नाही. संगम पूल, होळकर पूल, बंडगार्डन, हॅरिस पूल इथे प्रत्यक्ष मोजलेली वाहनं आणि मॉडेलची वाहनं यांत पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, तर पुढची सगळी पानं बाजूला ठेवावीत.

चुका कुठे होतात? एक तर शहराच्या कडेला. पेठांमध्ये झोन छोटे असतात आणि वाघोली, मांजरी, चाकणकडे एकेक झोन चार गावांएवढा. नेमकी वाढ तिथेच होते, तीही गुंठेवारीने आणि आराखड्याच्या बाहेर. दुसरी चूक दुचाकीची. दुचाकीवाल्याला घरापासून ऑफिसपर्यंत एकदाही थांबावं लागत नाही. त्याने पाच मिनिटं चालून, जिना चढून, मेट्रो घेऊन, उतरून पुन्हा शेअर रिक्षा पकडायची तर तो वेळ घड्याळातल्या मिनिटांनी धरून चालत नाही. थांबण्याची आणि गाडी बदलण्याची मिनिटं दुप्पट जड धरावी लागतात. अहवालात ती एकपट धरली की प्रवासीसंख्या फुगते.

आता गाडीचं गणित, कारण ते सोपं आहे आणि तरी फार थोडे लोक करतात. बारा मीटरची बस दाटीवाटीने ७० माणसं नेते. मिनिटाला एक बस सोडली तर तासाला ६० बस, म्हणजे ४,२०० माणसं. थांब्यावर मागच्या बसला पुढे काढायला जादा मार्गिका दिली आणि तीन-चार बस एकदम लागतील असे फलाट केले, तर हाच आकडा दहा-बारा हजारांच्या पुढे नेता येतो. तीन डब्यांच्या मेट्रोत साधारण साडेनऊशे माणसं मावतात. पाच मिनिटांना एक म्हणजे तासाला १२ गाड्या, सुमारे ११,४००. दोन मिनिटांवर आणली तर २८,०००च्या आसपास. म्हणजे पाच मिनिटांची मेट्रो आणि उत्तम चालवलेली बीआरटी यांची क्षमता जवळपास सारखीच. फरक आहे तो पुढे वाढायच्या जागेचा. डबा सुमारे २२ मीटरचा धरला तर सहा डब्यांना १४० मीटरचा फलाट लागतो. आज तीनच डबे चालवायचे असले तरी फलाटाची लांबी पहिल्याच दिवशी राखावी, कारण चालू स्टेशन वाढवणं म्हणजे खालचा रस्ता पुन्हा दोन-तीन वर्षं खणणं.

खरी कसोटी लागते ती रुंदीला. उन्नत मेट्रोच्या खांबाला दुभाजकात पावणेतीन मीटर द्या. त्याच्या एका बाजूला दोन गाडीमार्गिका मिळून पावणेसात, बसमार्गिका साडेतीन, अर्ध्या मीटरची कड, सायकलला दोन, पदपथ तीन. एका बाजूचे झाले पावणेसोळा मीटर. दोन्ही बाजू आणि दुभाजक धरून चौतीसच्या वर. म्हणून ३६ मीटरचा रस्ता ही चैन नाही, किमान गरज आहे. त्यात स्टेशन आलं की जिने आणि लिफ्ट उतरवायला दोन्हीकडे आणखी चार-चार मीटर लागतात. ते आराखड्यात नसतील तर पदपथावरच येतात, आणि मेट्रोला आलेला माणूस गाड्यांमधून चालतो. सगळा रस्ता ४५ मीटर करायची गरज नसते. स्टेशनांच्या जागी, फलाटाच्या लांबीपुरती, दीडशे-दोनशे मीटर रुंदी वाढवली तरी भागतं. पण स्टेशन कुठे येणार हे आराखडा करतानाच ठरवावं लागतं, आणि नेमकं ते कोणी ठरवत नाही.

वळणं तर बहुतेक आराखड्यांत विसरलेलीच असतात. मेट्रोला उन्नत मार्गावर अगदी कमीत कमी १२० मीटर त्रिज्या लागते. समजा दोन ३० मीटर रस्ते काटकोनात मिळतात आणि मेट्रोला तिथे वळायचं आहे. वळणाची मध्यरेषा चौकाच्या मध्यबिंदूपासून तिरकी मोजली तर सुमारे ५० मीटर आतून जाते. प्लॉटचा कोपरा त्या मध्यबिंदूपासून २१ मीटरवर असतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीत २९ मीटर आत मेट्रोची मध्यरेषा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर गर्डर (रूळ पेलणारी तुळई). कागदावर ‘मार्ग रस्त्यावरूनच जातो, भूसंपादन नगण्य’ असं लिहिलेल्या प्रकल्पात कोर्टकज्जे नेमके या कोपऱ्यांवर होतात. भुयारी मार्गाला तर निदान २०० मीटर त्रिज्या धरा.

वरून खाली जायलाही जागा लागते. रूळ रस्त्यापासून १३ मीटर वर आणि पुढचं स्टेशन १५ मीटर खाली असेल, तर चार टक्के उतारानेही ७०० मीटर लागतात. त्यातला निदान तीनशे मीटरचा तुकडा असा की तिथे वरूनही रस्ता जात नाही आणि खालूनही. तो रस्त्याच्या मधोमध टाकला की रस्ता दुभंगतो. पुण्याच्या पहिल्या मार्गिकेला शिवाजीनगरच्या अलीकडे कृषी महाविद्यालयाची मोकळी जमीन मिळाली, म्हणून हे सुसह्य झालं. डेपोचंही तसंच. दहा-बारा हेक्टर, सपाट, लांबट, मार्गिकेला लागून. वनाजचा डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आला, तेवढा सलग सार्वजनिक तुकडा तिथे होता. मुंबईत आरे आणि कांजूरमार्गची वर्षानुवर्षांची भांडणं डेपोचीच होती, रुळांची नव्हती. मार्गिका राखताना डेपोचा गट नंबर त्याच ठरावात घाला.

उंचीचा एक पुणेरी धडा लकडी पुलाचा. २०२१ मध्ये तिथे मेट्रोचे गर्डर चढायला लागले तेव्हा गणेश मंडळांनी विसर्जन मिरवणुकीच्या रथांच्या उंचीवरून हरकत घेतली आणि काम काही काळ थांबलं. साडेपाच मीटरची मोकळी उंची ट्रकसाठी ठीक आहे. मिरवणुकीचा रस्ता असेल तर रथाची उंचीही पाहणीतच मोजून घ्यायची असते.

आता कायदा, कारण पट्टा तिथेच निसटतो. महाराष्ट्रात आरक्षण टाकता येतं ते प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. त्यातलं कलम १२७ प्रत्येक वाहतूक नियोजकाला पाठ हवं. आराखडा अमलात येऊन दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची कायदेशीर पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. नुसता पत्रव्यवहार हे पाऊल नव्हे. आणि आरक्षण पूर्ण मार्गाचं एकदम जात नाही, एकेका मालकाचं जातं. चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात मधला एक प्लॉट सुटला आणि तिथे बारा मजले उभे राहिले की उरलेल्या पट्ट्याचा उपयोग शून्य.

पुण्याची एचसीएमटीआर (उच्च क्षमतेचा सार्वजनिक वाहतूक मार्ग) हे याचं मोठं उदाहरण. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती सुमारे ३६ किलोमीटरचं वर्तुळ, साधारण २४ मीटर रुंद, खास जलद सार्वजनिक वाहतुकीसाठी दाखवलं होतं. कल्पना काळाच्या पुढची होती. पण रुंदी एकाच वाहनाच्या हिशोबाने घेतलेली, स्टेशनांना जागा नाही, आणि ताबा घेण्याचं वेळापत्रक नाही. पुढे कागदावर त्याचा उन्नत रस्ता झाला, बसला त्यात दोन मार्गिका उरल्या. शेवटी २०१९ च्या सुमाराला निविदा अंदाजाच्या फार वर आल्या आणि रद्द झाल्या. प्रारूपावर, म्हणजे अजून मंजूर न झालेल्या आराखड्यावर, विसंबण्यातही धोका असतोच: पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप विकास आराखडा राज्य सरकारने २०२५ मध्ये रद्द केला.

मग करायचं काय? शहराच्या कडेला, जिथे अजून शेत आहे, तिथे भूसंपादनापेक्षा नगररचना योजना बरी. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते काढायचे आणि उरलेले प्लॉट वाटायचे. म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएने हीच वाट धरली. मालकाला रोख मिळत नाही, पण रस्त्याला लागून प्लॉट मिळतो, आणि पट्टा योजनेतच मोकळा होतो. आतल्या शहरात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) आणि जादा एफएसआय (प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा) देऊन ताबा घ्यावा, पण प्रकल्प मंजूर होण्याची वाट न पाहता. घेतलेला ताबा पाच-सात वर्षं नुसता पडून राहिला तर तिथे आधी टपऱ्या येतात, मग त्यांचं पुनर्वसन. म्हणून लगेच त्यावर बस चालवा.

इथे बीआरटी कामाची. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर ती आली तेव्हा पट्टा चौकाचौकात तुटत होता आणि उड्डाणपुलाशी आली की बस पुन्हा गर्दीत. फलाट एका उंचीचा, बसचा मजला वेगळ्याच उंचीचा. २०१५ पासूनच्या मार्गांवर उजव्या बाजूला दरवाजे असलेल्या उंच मजल्याच्या बस आल्या, पण ताफ्यात त्या पुरेशा नसल्या की जुन्या बस मार्गिकेबाहेरून धावतात आणि रिकामी मार्गिका बघून कारवाले आत घुसतात. त्यामुळे बसची खरेदी मार्गिका बांधून झाल्यावर नको, तिच्याबरोबरच हवी. मधल्या बसथांब्यांचे पाये असे टाका की उद्या तिथेच मेट्रोचा खांब येईल, आणि जलवाहिन्या, मलवाहिन्या, उच्चदाब केबल दुभाजकाखालून पहिल्याच खेपेला बाहेर काढा.

एक शेवटची, क्षुल्लक वाटणारी गोष्ट. विकास आराखड्याचे कागदी नकाशे बहुधा १:१०,००० प्रमाणात असतात. त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर, दीड मार्गिका. बांधकाम परवानगी विभाग त्या रेघेवरून सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) देतो आणि मेट्रोवाले स्वतःच्या कॅडवरून (संगणकावरच्या नकाशावरून) खांब बसवतात. म्हणून मार्गिका ठरली की भूमी अभिलेखबरोबर संयुक्त मोजणी करून गटवार यादी काढावी, सहनिर्देशांकांसह ती परवानगीच्या संगणक प्रणालीत टाकावी, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घ्यावी. ज्यांच्या गावात नवा प्रारूप आराखडा येणार आहे त्यांनी भाग नकाशा मागून चौकांचे कोपरे पट्टीने मोजावेत. वळणासाठी तासलेला चौकाचा कोपरा रेषेत दिसत नसेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम २६ ची जाहिरात निघाली की तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी. हरकतीत त्रिज्या, गट नंबर आणि हवी ती रुंदी लिहावी. ‘भविष्याचा विचार व्हावा’ एवढ्याच हरकतीवर नियोजन समितीला सुनावणीत काही करता येत नाही.