तुम्ही विचारलंत म्हणून: लाटांच्या अभ्यासात वाऱ्याचे एवढे काय?

“तुम्ही समुद्राच्या लाटांवर काम करता ना, मग दिवसभर वाऱ्याचेच आकडे दुरुस्त करत का बसता?” हा प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, घरची माणसे विचारतात आणि बंदरातल्या धक्क्यांचे आराखडे करणारे अभियंते तर थोड्या अधीरपणेच विचारतात. त्यांना शंभर वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या लाटेची उंची हवी असते आणि मी बोलायला लागतो ते वाऱ्याबद्दल.

स्वॉन किंवा वेव्हवॉच यांसारखी लाटांची संगणकीय मॉडेल्स वाऱ्याने पाण्याला किती ऊर्जा दिली आणि ती पुढे कुठे गेली, याचा हिशेब ठेवतात. मोकळ्या समुद्रावर वारा पुरेसा वेळ वाहिला, तर लाटांची उंची साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वाऱ्यात १० टक्के चूक असली, की उंचीत २० टक्क्यांच्या आसपास चूक होते. चक्रीवादळात समुद्राला तेवढी सवड मिळत नाही म्हणून हे प्रमाण काहीसे सौम्य होते, पण चूक उरतेच.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ घ्या. ते लक्षद्वीपजवळून निघून कोकण किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे सरकले आणि १७ मे रोजी मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रात पी-३०५ हे बार्ज बुडून अनेक कामगारांचा जीव गेला. अशा वादळाच्या लाटा पुन्हा मांडून पाहायच्या, तर बहुतेक जण युरोपीय हवामान अंदाज केंद्राची ईआरए५ ही माहिती, म्हणजे जुनी मोजमापे आणि हवामानाचे मॉडेल जुळवून पुन्हा रचलेले हवामान, उचलतात. १९४० पासूनचा दर तासाचा वारा तीत मिळतो आणि रोजच्या समुद्रासाठी ती उत्तम आहे. पण तिच्या जाळीचे एक घर सुमारे ३१ किलोमीटरचे आहे, आणि वादळाचा सर्वांत जोराचा वारा केंद्रापासून पुष्कळदा वीस ते चाळीस किलोमीटरवरच्या गोल कड्यात असतो. ते कडे एक-दोन घरांत मावते आणि त्याचे टोक बोथट होते, म्हणजे सर्वांत जोराचा वारा कमी दिसतो.

मग सगळा वारा ठरावीक पटीने वाढवावा, असे सुचवले जाते. मला ते मान्य नाही, कारण तसे केल्याने वादळाबाहेरचा चांगला वाराही बिघडतो. त्यापेक्षा केंद्रातील दाब, सर्वाधिक वेग आणि तो वेग केंद्रापासून किती अंतरावर आहे यांवरून वादळाचा गाभा वेगळा रचावा. त्यासाठी ग्रेग हॉलंड यांनी १९८० साली मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. दूरवर ईआरए५ तसेच ठेवावे आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही हळूहळू मिसळावेत. सूत्रातील वादळ सर्व बाजूंनी सारखे असते, खरे तसे नसते. आपल्या गोलार्धात वादळाच्या वाटचालीच्या उजवीकडे त्याच्या सरकण्याचा वेग वाऱ्यात मिळतो, शिवाय त्या बाजूच्या लाटा वादळाबरोबरच पुढे जात असल्याने त्यांना वाऱ्याचा मारा अधिक काळ मिळतो. उत्तरेकडे जाणाऱ्या तौक्तेच्या उजवीकडे आपला किनारा होता.

हे सारे पडताळायला मोजमाप लागते, आणि तिथे बारकाईने पाहावे लागते. समुद्रातल्या बोयावरचा (म्हणजे मोजयंत्रे बसवलेल्या तरंगत्या पिंपासारख्या साधनावरचा) वारा मोजणारा पंखा पुष्कळदा पाण्यापासून तीनच मीटर उंच असतो, तर मॉडेलला दहा मीटरवरचा वारा हवा असतो. तीन मीटरवर सेकंदाला २० मीटर वेग नोंदला गेला, तर नेहमीच्या सूत्राने तो दहा मीटरवर सुमारे २२.५ येतो. एवढी दुरुस्ती विसरली, तरी वारा ११ टक्क्यांनी कमी धरला जातो. त्यात भारतीय हवामान विभाग वादळाचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने सांगतो, अमेरिकी संस्था एका मिनिटाच्या सरासरीने, आणि जागतिक संकेत दहा मिनिटांचा आहे. हे आकडे तसेच शेजारी ठेवले, की तुलना चुकते. खवळलेल्या समुद्रात तर बोया लाटांच्या खळग्यात जातो आणि तेवढा वेळ वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो.

उपग्रहांची मदत मोठी आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. ओशनसॅट-३ या उपग्रहावरील स्कॅटरोमीटर, म्हणजे पाण्यावरून परतणारा रडारचा संकेत मोजणारे यंत्र, पाण्यावरच्या काही सेंटिमीटरच्या तरंगांवरून वारा ओळखतो. वादळी पावसात आणि फार जोराच्या वाऱ्यात त्याचा संकेत फसतो. स्मॅपसारखा उपग्रह फेसाळलेल्या पाण्यातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजून जोराचा वारा पकडतो, पण सुमारे चाळीस किलोमीटरच्या ठिपक्यांत.

एक अडचण मात्र मला सर्वांत जास्त छळते. कमजोर वाऱ्यावरही लाटा पुरेशा उंच याव्यात म्हणून काही जण मॉडेलमधला लाटवाढीचा गुणक वाढवून ठेवतात. अशा मॉडेलला खरा वारा दिला, की लाटा अवास्तव उंच येतात, आणि दोष नव्या वाऱ्याला दिला जातो. त्यात सेकंदाला ३३ मीटरच्या पुढे पाण्याचा खरखरीतपणा वाऱ्याबरोबर वाढत नाही, हे २००३ साली वादळांतील मोजमापांवरून दिसून आले. म्हणून वारा सुधारताना वारा आणि पाणी यांच्यातल्या घर्षणाचे सूत्रही पाहावे लागते. मी आधी वारा सुधारतो, मग तो गुणक मूळ जागी आणतो आणि उपग्रहांनी मोजलेल्या लाटांच्या उंचीशी ताडून पाहतो.

धक्क्याच्या अभियंत्यांना मी हेच सांगतो, की त्यांच्या लाटेचा आकडा आपल्या किनाऱ्याजवळून गेलेल्या मोजक्याच वादळांतून येतो आणि त्यातल्या एकेका वादळाचे फार तर सहा-आठ तासच त्यात मोजले जातात. तेवढ्याच तासांचा वारा मी पुन्हा पुन्हा तपासत बसलेला असतो.