95 टक्के असूनही नेम चुकतो, कारण…

तुम्ही विचारलंत म्हणून. मी गेमचं कोडिंग करतो हे कळलं की समोरचा हमखास एकच प्रश्न टाकतो: ‘खरं सांगा, गेम चीटिंग करतो ना? स्क्रीनवर नेम लागण्याची शक्यता 95 टक्के दिसतेय, आणि तरी नेम चुकतोच कसा?’

करतो ना, चीटिंग करतो. फक्त बहुतेक वेळा ती तुमच्या बाजूने असते.

आधी सरळमार्गी गेमचं बघू. 95 टक्क्यांचा नेम वीस वेळा धरलात, तर वीसच्या वीस लागण्याची शक्यता साधारण 36 टक्के. म्हणजे दर शंभर खेळाडूंमागे चौसष्ट जणांचा निदान एक तरी नेम हुकणार. एका मोठ्या लढाईत वीस नेम सहज होतात. लागलेले एकोणीस कुणी मोजत नाही, हुकलेला मात्र डोक्यात जातो. दुर्मीळ तलवारीचंही तेच. राक्षस मारल्यावर ती मिळण्याची शक्यता 1 टक्का असेल, तर शंभर राक्षस लोळवूनही सुमारे 37 टक्के लोक रिकाम्या हाताने परततात. ‘शंभरात एक’ म्हणजे शंभराव्या खेपेला नक्की, असं कुणीही कबूल केलेलं नसतं. आपणच ते गृहीत धरतो. मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत 18 ऑगस्ट 1913 ला रूलेटचा, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावरचा, चेंडू सलग 26 वेळा काळ्यावर पडला, आणि आता तरी लाल येईलच म्हणत लोक लालवर पैसे ओतत राहिले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. आपल्याला आठवतं, हीच गोची.

गेम बनवणाऱ्यांना ही गोची ठाऊक असते. ‘फायर एम्ब्लेम’ या लढायांच्या गेम-मालिकेतली युक्ती मला फार आवडते. साधा हिशेब असा: 0 ते 99 मधला एक आकडा काढायचा, तो 90 पेक्षा लहान असेल तर 90 टक्क्यांचा नेम लागला. 2002 च्या भागापासून त्यांनी एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घ्यायला सुरुवात केली. दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात घुटमळते, टोकाला क्वचित जाते. त्यामुळे स्क्रीनवर 90 दिसत असताना नेम प्रत्यक्षात 98.1 टक्के वेळा लागतो, 75 चे जवळपास 88 होतात, आणि शत्रूचा 10 टक्क्यांचा वार लागतो जेमतेम 2.1 टक्के वेळा. आकडा धडधडीत खोटा आहे, पण खेळणाऱ्याला तो खऱ्यापेक्षा खरा वाटतो. ‘नव्वद म्हणजे लागणारच’ ही आपली समजूत गेमने मुकाट्याने मान्य केलेली असते.

‘डोटा 2’ हा लढाईचा ऑनलाइन गेम वेगळ्या वाटेने जातो. 25 टक्के लिहिलेला जोरदार फटका पहिल्या वाराला फक्त साडेआठ टक्क्यांच्या आसपास बसतो; नाही बसला तर पुढच्या वाराला शक्यता तेवढ्यानेच वाढते, तीही फुकट गेली तर आणखी. बाराव्या वाराला तो बसतोच. सरासरी 25 च राहते, पण सलग मार खाण्याची किंवा सलग घबाड मिळण्याची वेळ क्वचित येते.

सगळ्यात देखणा उपाय मात्र टेट्रिसचा. वरून पडणारे सात आकारांचे तुकडे रचून ओळी भरायच्या, आणि सगळे वाट बघतात उभ्या दांडीची. दर वेळी सातातला कुठलाही तुकडा काढला, तर तीस तुकड्यांत एकदाही दांडी न येण्याची शक्यता जवळपास 1 टक्का. ऐकायला कमी वाटते, पण रोज खेळणाऱ्याच्या वाट्याला हे अधूनमधून येणारच. त्याहून वाईट म्हणजे एस आणि झेड हे वाकडे तुकडे. ते एकाआड एक येत राहिले, तर कितीही पटाईत खेळाडू 70,000 तुकड्यांच्या आत हरतो, हे गणितज्ञ हायडी बर्गिएल यांनी 1997 मध्ये सिद्ध केलं. आताच्या अधिकृत टेट्रिसमध्ये म्हणून पिशवी असते. सातही तुकडे पिशवीत टाकायचे, ढवळायचे, एकेक करून सगळे द्यायचे, पिशवी संपली की नवी भरायची. त्यामुळे दोन दांड्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा तुकडे येऊ शकतात, आणि वाकडे तुकडे सलग चारच: दोन सरत्या पिशवीच्या शेवटी, दोन नव्या पिशवीच्या सुरुवातीला. इथे कुठलाही खोटा आकडा दाखवलेला नाही. नशीब ठेवलंय, फक्त त्याला कुंपण घातलंय. मला विचाराल तर सरासरीवाल्या युक्तीपेक्षा हीच जास्त प्रामाणिक.

आता तुमच्यातलाच कुणी म्हणेल, ‘जपून ठेवलेला खेळ, म्हणजे सेव्ह, पुन्हा लोड केला तरी तोच नेम तसाच चुकतो, म्हणजे गेम डूख धरून आहे!’ तसं नाही. कॉम्प्युटर खरे फासे टाकत नाही. एका सुरुवातीच्या आकड्यापासून, म्हणजे सीडपासून, सूत्राने पुढचे आकडे काढत जातो. सीड तोच, तर आकडेही तेच. माइनक्राफ्टमध्ये एकच सीड टाकून दोघांना एकच जग मिळतं ते यामुळेच. काही गेम सीड सेव्हमध्येच ठेवतात, म्हणून लोड केल्यावरही तोच नेम तसाच चुकतो. ‘डूम’ या गोळीबाराच्या गेमने तर 1993 मध्ये सूत्रही वापरलं नव्हतं, 256 आकड्यांची ठरलेली यादी, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं मी मजेत सांगतोय, पण एका ठिकाणी माझी मजा संपते. खेळाडू खरे पैसे देऊन गेममधली बंद पेटी विकत घेतो, आणि आत काय निघेल ते नशिबावर असतं, तिथे. चीनने 2017 मध्ये अशा पेट्यांमधली शक्यता जाहीर करणं बंधनकारक केलं, आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे. पैसे न लागणाऱ्या लढाईत 90 चे 98 करा, कुणाचं काही जात नाही. पेटीवर 1 टक्का छापला असेल, तर आतही 1 टक्काच हवा.

तुमच्या गेमबद्दल शंका असेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, वही घ्या. 90 टक्के दिसतील ते नेम लिहून ठेवा, लागला की हुकला, निदान शंभर. दहाच्या आसपास हुकले तर गेम सरळमार्गी. दोन-तीनच हुकले तर गेमने तुमची बाजू घेतली आहे, आणि तक्रार करायची तर ती तुमच्या शत्रूने करायला हवी.